तेचा नदीकाठचे किरणोत्सर्गी प्रदूषण
दक्षिण उरल प्रदेशातील मायाक या सोव्हिएत प्लुटोनियम कारखान्याने १९४९ ते १९५६ या काळात द्रवरूप किरणोत्सर्गी कचरा तेचा नदीत सोडला. काठची गावे तेच पाणी पीत, गुरांना पाजत. त्यातील स्ट्राँशियम-९० कॅल्शियमसारखे वागते, हाडांत साठते आणि अस्थिमज्जेवर वर्षानुवर्षे किरणांचा मारा करत राहते. म्हणून गाव हलवले तरी शरीरातला मारा थांबत नाही. सुमारे ३०,००० रहिवाशांच्या दीर्घकालीन पाहणीत रक्ताचा कर्करोग आणि इतर अवयवांचे कर्करोग यांचा धोका किरणमात्रेबरोबर वाढलेला आढळला.

गरिबी, तंबाखू आणि दारू हीच खरी कारणे, असा आक्षेप घेतला जातो. ती कारणे खोटी नाहीत. पण ती नदीकाठी सर्वत्र होती, आणि धोका मात्र किरणमात्रेनुसार कमीजास्त होतो. मात्रा मागाहून अंदाजाने ठरवल्या, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तथापि रहिवाशांच्या दातांतील व शरीरातील स्ट्राँशियम प्रत्यक्ष मोजले गेल्याने त्या अंदाजांना आधार मिळतो. किरणोत्सर्गामुळे वाढलेले कर्करोग एकूण कर्करोगांच्या मानाने थोडे आहेत, हे भीती फुगवणाऱ्यांना रुचत नाही; पण मुस्ल्युमोवोसारखे गाव एकविसाव्या शतकापर्यंत काठावरच ठेवण्याचे समर्थन त्यातून निघत नाही.