मोटारीच्या डायनमोचे कारागीर

मोटार हिंदुस्थानात आली तेव्हा विजेशी तिचा संबंध इंजिनातल्या एका ठिणगीपुरताच होता, हे आज सहसा कोणाला खरे वाटणार नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईच्या मलबार हिलची चढण चढणाऱ्या त्या उंच, उघड्या गाड्यांचे दिवे तेलाचे किंवा कार्बाइडच्या वायूचे असत. ठिणगी मॅग्नेटो नावाच्या स्वयंपूर्ण यंत्रातून मिळे. आणि इंजिन सुरू करावयाचे म्हणजे शोफरने पुढे उभे राहून लोखंडी हँडल फिरवावयाचे, जे हँडल उलटले तर मनगट मोडल्यावाचून राहत नसे. धनिकांच्या पदरी असलेल्या त्या चालकांच्या हाताला अखेर आराम मिळाला तो अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या यंत्रज्ञाने सिद्ध केलेल्या आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसविलेल्या विद्युत्-आरंभकामुळे, ज्याला आपल्याकडे पुढे नुसते ‘सेल्फ’ म्हणू लागले. पण सेल्फ आला म्हणजे बॅटरी आली, आणि बॅटरी आली म्हणजे ती वाटेतच भरणारे जनित्र गाडीत असणे अपरिहार्य झाले. फोर्डच्या स्वस्त मॉडेल टी गाडीलाही १९१९ पासून सेल्फ मिळू लागला, तेव्हा डायनमो ही श्रीमंतांची मिरास राहिली नाही. आणि जी वस्तू सर्वांच्या गाडीत असते ती सर्वांच्या गाडीत बिघडते, या न्यायाने एका नव्या धंद्याचा पाया घातला गेला.

या धंद्यातील पहिले कारागीर मोटारीच्या कारखान्यांतून आले नसावेत. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत्-केंद्रातून टाटांची वीज मुंबईत येऊ लागली, गिरण्यांतील वाफेच्या इंजिनांची जागा हळूहळू विजेच्या मोटारी घेऊ लागल्या, आणि त्या जळाल्या की त्यांची गुंडाळी उलगडून नवी तार भरणारा एक वर्ग गिरणगावात व त्याच्या आसपास तयार झाला. पंख्याची मोटार भरणाऱ्यास गिरणीची मोटार भरता येते आणि गिरणीची भरणाऱ्यास गाडीचा डायनमो भरणे अवघड नसते. तेव्हा हे हुन्नर गिरणीच्या दारातून रस्त्यावर आले असे मानावयास पुष्कळ जागा आहे.

डायनमोच्या रचनेतच त्याच्या आजाराचे मूळ होते. त्यात वीज उत्पन्न होते ती फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये, आणि ती सगळीच्या सगळी बाहेर काढावयाची ती कॉम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासणाऱ्या दोन कार्बनांतून. पट्ट्या झिजत, कार्बन झिजत, कार्बनची काळी पूड पट्ट्यांमधल्या फटीत बसून ठिणग्या उडत, आणि उष्णतेने तारांवरचे वार्निश करपले की दोन वेढे एकमेकांस चिकटून आर्मेचर निकामी होई. शिवाय इंजिन संथ असताना डायनमो जवळजवळ काहीच देत नसे. मुंबईच्या गर्दीत रखडत चालणाऱ्या टॅक्सीची बॅटरी पावसाळ्यातल्या रात्री, दिवे आणि वायपर दोन्ही चालू असताना, भरण्याऐवजी रिकामीच होत जाई. हा दोष डायनमोच्या प्रकृतीचाच होता, पण गिऱ्हाईक मात्र त्याबद्दल कारागिराला बोल लावी.

दुरुस्तीचा विधी मोठा प्रेक्षणीय असे. आर्मेचर काढून ग्रोलर नावाच्या चुंबकी बैठकीवर ठेवावयाचे, वर करवतीचे एक पाते आडवे धरून ते हळूहळू फिरवावयाचे, आणि ज्या खाचेवर पाते थरथरू लागेल तिथे वेढे जुळले आहेत असे निदान करावयाचे. मग जुनी तार तोडून काढताना तिचे वेढे मोजावयाचे आणि तिची जाडी गेजला लावून पाहावयाची, कारण त्या जातीच्या डायनमोचा दुसरा कोणताही लेखी दाखला कारागिराजवळ नसे. खाचांत नवा कागद घालून, नवी तार भरून, टाके डाखून, वार्निशमध्ये बुडवून आर्मेचर भट्टीत सुकविले की कॉम्युटेटर लेथवर चढवून साफ करावयाचा. आणि अखेरीस पट्ट्यांमधला अभ्रक घासून बारीक केलेल्या पात्याने किंचित खोल करावयाचा, जे काम कंटाळवाणे असल्यामुळे आळशी कारागीर टाळत आणि ज्याच्या अभावी नवा भरलेला डायनमो काही आठवड्यांतच पुन्हा दुकानी येई. काढलेली जळकी तार मात्र कोणी टाकून देत नसे. ती तांब्याची मोड म्हणून वजनावर विकली जाई, आणि चाणाक्ष गिऱ्हाईक मजुरीतून तिची किंमत वळती करून मागे.

आता या कसबाची वाखाणणी करताना आपल्याकडे एक भाबडा समज आढळतो, तो असा की जुने टिकविण्याची ही वृत्ती आपल्या काटकसरी संस्कारांतून आली. मला तो पटत नाही. ती आली मुख्यत्वे सरकारी परवान्यातून. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, कोळशाच्या वायूवर गाड्या चालविण्याची पाळी आली, आणि विलायतेतून सुटे भाग येणे दुर्घट झाले. युद्ध संपल्यावर लष्कराने विक्रीस काढलेल्या जीपा आणि ट्रक बाजारात आले खरे, परंतु त्यांचे सुटे भाग त्यांच्याबरोबर आले नाहीत. तोवर मुंबईत गाड्या जुळविणारे परदेशी कारखाने होते. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ पासून चालू होता. पण १९४९ मध्ये तयार गाड्यांची आयात बंद झाली, १९५३ साली टॅरिफ कमिशनने असा अभिप्राय दिला की ज्यांना येथे भाग निर्माण करावयाचे नाहीत त्यांनी नुसती जुळवणी करू नये, आणि १९५४ मध्ये शिवडीच्या कारखान्याने गाशा गुंडाळला. उरले ते वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, जिचा कारखाना कुर्ल्यास होता, कलकत्त्याकडील हिंदुस्थान मोटर्स, आणि मद्रासेकडील एखाददुसरी कंपनी. नवी गाडी मिळण्यास वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. मग जिचा नंबर एकदा लागला ती गाडी वीस वर्षे चालविणे हा सद्गुण कसला, ती निव्वळ निरुपायाची तजवीज होती. ज्या शेवरोले आणि ब्यूइक गाड्यांचा कारखानदार देश सोडून गेला, त्यांचा डायनमो भरून घेण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. गल्लीतल्या कारागिराची भरभराट झाली ती या निरुपायावर.

नव्या डायनमोची किंमत परवडत नाही आणि जुना भरेपर्यंत गाडी उभी ठेवणेही परवडत नाही, अशा टॅक्सीवाल्यांसाठी जो तोडगा निघाला तो व्यापारी बुद्धीचा उत्तम नमुना म्हणावा लागेल. कारागीर आधीच भरून ठेवलेला डायनमो गाडीला चढवी, जुना स्वतःकडे ठेवी, आणि फक्त मजुरी व वरकड रक्कम घेई. ठेवलेला जुना भरून झाला की तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत जाई. अशा रीतीने एकच डायनमो आयुष्यभरात किती गाड्यांतून फिरला याचा हिशेब कोणीच ठेवत नसे. याच तत्त्वाचे मोठे आणि शिस्तबद्ध रूप राज्य परिवहनात दिसले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि पुढे दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या राहिल्या, जेथे आगारांतून आलेले थकलेले भाग खोलून, नवे करून पुन्हा आगारांकडे जात. फरक एवढाच की तेथे प्रत्येक भागाची दप्तरी नोंद असे, आणि गल्लीत सारा कारभार विश्वासावर चाले.

या जगाला पहिला हादरा अमेरिकेतून आला. सिलिकनचे डायोड पुरेसे स्वस्त झाल्यावर क्रायस्लर कंपनीने १९६० च्या सालासाठी काढलेल्या व्हॅलिअंट गाडीत डायनमोऐवजी ऑल्टरनेटर बसविला. त्यात सारी रचना उलटी होती. वीज उत्पन्न होते ती स्थिर असलेल्या स्टेटरमध्ये. फिरतो तो केवळ चुंबकाचे काम करणारा रोटर, आणि कार्बनांतून वाहतो तो त्या चुंबकाला लागणारा अवघा काही अँपिअरांचा प्रवाह. प्रत्यावर्ती प्रवाहाला एकदिश करण्याचे काम सहा डायोडांची पाटी निमूटपणे करते. कार्बन दीर्घकाळ टिकतात, रोटर डायनमोच्या आर्मेचरपेक्षा पुष्कळ अधिक वेगाने फिरविता येतो, आणि म्हणून इंजिन संथ असतानाही बॅटरी भरत राहते. मद्रासजवळ पाडी येथे १९६१ साली लुकास-टीव्हीएस ही कंपनी स्थापन होऊन मोटारींची विद्युत्-सामग्री या देशात बनू लागली. तरी सामान्य माणसाच्या गाडीत ऑल्टरनेटर घरोघरी पोहोचला तो १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आल्यानंतरच.

आणि येथेच जुन्या कारागिरांची फजिती झाली. डायनमो चालतो की नाही हे पाहण्याची त्यांची एक पिढीजात रीत होती: इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टोक काढावयाचे, गाडी चालूच राहिली तर डायनमो ठीक, बंद पडली तर तो गेलेला. ऑल्टरनेटरवर हाच प्रयोग केला म्हणजे बॅटरीचा आधार सुटताच दाब एकदम उसळतो आणि धडधाकट डायोड किंवा रेग्युलेटर जागच्या जागी जळतो, म्हणजे रोग नसलेल्या रोग्याला परीक्षेनेच मारावे तसा प्रकार. ब्रिटिश बांधणीच्या जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. तशा गाडीत ते जोड न पालटता ऑल्टरनेटर बसवणाऱ्यांनी किती डायोड पाट्यांचा बळी दिला असेल हे तेच जाणोत. ज्यांनी मल्टिमीटर घेतला, बॅटरीवर इंजिन बंद असताना साडेबारा आणि चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत एवढे ज्यांनी आत्मसात केले, ते तरले. बाकीचे पंखे भरण्याकडे परतले.

ऑल्टरनेटर गेला असता स्वस्तात काय करावे, या प्रश्नाची उत्तरे पुढच्या दोन दशकांत बाजाराने आपोआप ठरविली. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरात आणि पुण्यात नाना पेठेत नवा माल मिळे. जुना हवा असेल तर मुंबईकराने कुर्ल्याच्या मोडीत काढलेल्या गाड्यांच्या बाजारात किंवा चोरबाजारात जावे, पुणेकराने बुधवारी वा रविवारी जुन्या बाजारात. भंगारातल्या ऑल्टरनेटरबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. तो ज्या गाडीतून निघाला ती अपघाताने मोडली असेल तर तो उत्तम निघतो, पण म्हातारपणाने मोडली असेल तर त्याचेही बेअरिंग तितकेच म्हातारे असते, आणि दोहोंतला भेद वरून पुसलेल्या ॲल्युमिनियमच्या कवचावर लिहिलेला नसतो. नामांकित कंपनीच्या खोक्यात घातलेला नकली माल त्याहून वाईट; बारीक तार आणि हलके डायोड यांच्या बळावर तो एखादा उन्हाळा काढतो. सर्वांत कमी खर्चाचा मार्ग बहुधा सर्वांत जुनाच असे. सबंध ऑल्टरनेटर क्वचितच मरतो. मरतात ते कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर किंवा एखादा डायोड. आणि हे भाग सुटे मिळत तोवर जाणत्या कारागिराकडे तो खोलून घेणे आणि मोजका खर्च करणे हेच शहाणपणाचे ठरे. त्याहीपूर्वी पट्टा सैल झाला आहे काय, बॅटरीच्या टोकांवर हिरवट क्षार साचला आहे काय, सांगाड्याला जोडलेली तार गंजली आहे काय, हे पाहणारा कारागीर भेटला तर खर्च जवळजवळ शून्यावर येई. दुर्दैवाने अशा निदानाची मजुरी द्यावयास गिऱ्हाईक नाखूश असते, म्हणून ते निदान न करता नवा ऑल्टरनेटर विकणेच दुकानदाराला परवडते.

१९९३ मध्ये मोटारींच्या धंद्यावरील परवान्याचे बंधन उठले आणि ज्या निरुपायावर हे कसब पोसले गेले होते तोच ओसरू लागला. नव्या गाड्यांच्या कंपन्या सबंध ऑल्टरनेटर बदलण्यासच प्राधान्य देतात. आतले भाग वेगळे विकण्यात त्यांना स्वारस्य नाही. अलीकडच्या गाड्यांत तर किती वीज निर्माण करावयाची याचा हुकूम इंजिनाचा संगणकच ऑल्टरनेटरला देतो, आणि असे यंत्र टेबलावर फिरवून, त्याला दिवा जोडून तो पेटतो का पाहिले, तर या जुन्या परीक्षेत ते नापास ठरते, जरी त्यात काहीच बिघाड नसला. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर ऑल्टरनेटर असतच नाही. प्रीमियरच्या ज्या फियाटींनी मुंबईच्या डायनमोवाल्यांना अर्धशतक काम दिले, त्यांतली शेवटची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदली गेली होती आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मर्यादा भरताच २०२३ च्या त्याच महिन्यात रस्त्यावरून उतरली.

धंदा मात्र पुरता बुडालेला नाही; त्याने ठिकाण बदलले आहे. ट्रकांचे आणि ट्रॅक्टरांचे ऑल्टरनेटर अजूनही जाड बांध्याचे, चार स्क्रू काढले की उघडणारे आणि सुटे भाग मिळणारे आहेत. म्हणून महामार्गावरच्या ट्रक टर्मिनलांजवळ, आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांमागे कोल्हापूर-सांगलीकडच्या तालुक्यांच्या गावी, वाइंडिंगवाल्याच्या दुकानात रात्री उशिरापर्यंत काम चालते, आणि भरलेला ऑल्टरनेटर तयार ठेवून जुना ठेवून घेण्याचा तो व्यवहारही तसाच चालू आहे, फक्त जळक्या तारेच्या मोडीचा भाव आता गिऱ्हाईक मोबाइलवर पाहून सांगते.