केतूचे गणित आणि केतूचे तेज

वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या ‘बृहत्संहिते’त केतुचार नावाचा एक अध्याय आहे. ग्रहगती आणि ग्रहणे यांचे गणित ज्याला करतलामलकवत् होते, अशा या ज्योतिर्विदाने त्या अध्यायाच्या आरंभीच एक स्वच्छ कबुली दिली आहे: केतू केव्हा दिसेल आणि केव्हा मावळेल, हे गणिताच्या मार्गाने जाणता येत नाही. थोडे पुढे त्याने पूर्वसूरींची मते नोंदवली आहेत. कोणी केतू एकशे एक मानतात, कोणी सहस्र; नारदाच्या मते केतू एकच, त्याची रूपे तेवढी अनेक. अध्यायाचा मोठा भाग शुभाशुभ फलांना वाहिलेला असल्यामुळे ही कबुली वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. पण धूमकेतूंच्या अभ्यासाचा पुढचा इतिहास पाहताना पुन्हा पुन्हा तिच्याकडेच वळावे लागते. कारण तिच्यात प्रत्यक्षात दोन प्रश्न दडलेले आहेत. धूमकेतू कोठे असेल हा एक, आणि तो किती तेजस्वी दिसेल हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाची उकल एडमंड हॅलीपासून सुरू झाली. न्यूटनच्या पद्धतीने सिद्ध केलेल्या चोवीस धूमकेतूंच्या कक्षा त्याने १७०५ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या १५३१, १६०७ आणि १६८२ या तीन कक्षा इतक्या जुळत्या होत्या, की हे तीन नसून एकच धूमकेतू असावा, असे त्याने मांडले आणि १७५८ च्या सुमारास तो परत येईल असे सांगितले. यावरून नारदाला हे आधीच ठाऊक होते, असा सोयीस्कर निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. एकाची अनेक रूपे असू शकतात, हे सुचणे वेगळे आणि ती रूपे एकाचीच आहेत, हे आकड्यांनी पटवणे वेगळे. हॅली १७४२ मध्ये वारला. त्याचे विधान खरे की खोटे, हे ठरायला अजून सोळा वर्षे होती.

आणि ती संपत आली, तेव्हा एक अडचण उभी राहिली. धूमकेतूच्या दोन फेऱ्यांचा काळ सारखा नव्हता. गुरू आणि शनी यांच्या ओढीमुळे तो कमीअधिक होत होता. ही ओढ हिशेबात धरल्यावाचून परतीचा दिवस सांगता येणार नव्हता. १७५८ मध्ये पॅरिसात अलेक्सी क्लेरो याने हे काम हाती घेतले. त्याच्या जोडीला तरुण ज्योतिर्विद जोसेफ लालांद आणि एका नामांकित घड्याळकाराची पत्नी निकोल-रेन लपोत ही दोघे होती. सुमारे दीडशे वर्षांच्या काळात, कक्षेच्या अंशाअंशाला, हे दोन ग्रह धूमकेतूपासून किती दूर होते आणि त्यांनी त्याला किती ओढले, याची कोष्टके हाताने करायची होती. सकाळपासून रात्रीपर्यंत, प्रसंगी जेवणाच्या मेजावरही, आकडेमोड चालली होती असे लालांदने लिहून ठेवले आहे. हे श्रम सहा महिने चालले. घाईचे कारण उघड होते. गणित पुरे होण्याआधी धूमकेतू दिसला असता, तर भाकिताला भाकीत म्हणून काही अर्थच उरला नसता.

१४ नोव्हेंबर १७५८ रोजी क्लेरोने अकादमीपुढे निष्कर्ष ठेवला. गुरूमुळे ५१८ दिवस आणि शनीमुळे १०० दिवस असा विलंब होऊन धूमकेतू १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास सूर्याच्या सर्वांत जवळ येईल. चूक फार तर महिन्याची. त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या रात्री ड्रेस्डेनजवळच्या योहान गेओर्ग पालिच या शेतकऱ्याने तो प्रथम पाहिला, आणि १३ मार्च १७५९ रोजी तो उपसूर्य बिंदूतून गेला. युरेनस आणि नेपच्यून या ग्रहांचा तोवर कोणालाच पत्ता नव्हता, हे ध्यानी घेता महिन्याभराची ही चूक क्षुल्लकच म्हटली पाहिजे. क्लेरोच्या पदरी दुसरी एक चूक मात्र अधिक जड पडते. धूमकेतूंवरील आपल्या ग्रंथातून त्याने लपोतबाईंच्या श्रमांचा उल्लेख गाळला. लालांदने तो आपल्या लेखनात जपला, म्हणून ते नाव आज उरले आहे. वाङ्मयाच्या इतिहासालाही असे गाळलेले श्रेय अपरिचित नाही.

१९१० मधील परतीपर्यंत ही चूक सुमारे तीन दिवसांवर आली. पण ती मिटेना. तिचे कारण ग्रहांत नव्हतेच. धूमकेतू हा धूळमिश्रित बर्फाचा गोळा आहे आणि सूर्याच्या उष्णतेने उसळणारे वायूचे झोत त्याला किंचित ढकलतात, ही उपपत्ती फ्रेड व्हिपल याने १९५० मध्ये मांडली. हॅलीच्या धूमकेतूला या ढकलण्याने दर फेरीत सुमारे चार दिवसांचा उशीर होतो. हे उमगल्यावर गणित मागे, प्राचीन काळाकडेही नेता आले. ८३७ मध्ये हा धूमकेतू पृथ्वीपासून अवघ्या पन्नास लाख किलोमीटरांवरून गेला होता, आणि त्या जवळिकीमुळे त्याआधीची कक्षा नुसत्या गणिताने नेमकी ठरेना. डोनाल्ड येओमन्स आणि ताओ किआंग यांनी १९८१ मध्ये ती ठरवताना चिनी दरबारी ज्योतिषांच्या त्या वर्षीच्या नोंदींचा आधार घेतला. शकुन पाहण्यासाठी केलेल्या नोंदींनी यंत्राचे गणित असे मार्गावर आणले.

१६ ऑक्टोबर १९८२ रोजी पालोमार येथील पाच मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून हा धूमकेतू पुन्हा टिपला गेला, तेव्हा तो सूर्यापासून शनीहूनही दूर होता आणि तेजाने चोविसाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अंधुकात अंधुक ताऱ्याच्या कोट्यंशाहूनही मंद. तरी तो अपेक्षित स्थानापासून दहा विकलांच्या आतच सापडला. पहिला प्रश्न येथे सुटला, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसऱ्याचे तसे नाही. ग्रहाचे तेज सूर्यापासून आणि पृथ्वीपासून असलेल्या अंतरांवरून बहुतांशी काढता येते. धूमकेतूचे तेज त्याच्या पृष्ठभागातून किती वायू आणि धूळ उसळते, यावर अवलंबून असते आणि तो पृष्ठभाग दुरून दिसत नाही. म्हणून आरंभीच्या निरीक्षणांवरून एक आलेख काढायचा आणि तो पुढे वाढवायचा, एवढेच निरीक्षकाच्या हाती राहते. १९७३ मध्ये दूर असतानाच उजळ दिसलेल्या कोहोटेक धूमकेतूचा असाच आलेख वाढवून ‘शतकातला धूमकेतू’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला आणि लोकांची घोर निराशा झाली. हॅलीच्या धूमकेतूने तर उलट चकवा दिला. फेब्रुवारी १९९१ मध्ये, सूर्यापासून दोनशे कोटी किलोमीटरांहून अधिक दूर, थंडीने गोठून स्वस्थ पडला असावा अशा ठिकाणी तो एकाएकी सुमारे तीनशे पट उजळलेला आढळला.

मार्च २००३ मध्ये चिलीतल्या तीन प्रचंड दुर्बिणींनी मिळून कित्येक तास प्रकाश साठवला, तेव्हा चारशे कोटी किलोमीटरांपलीकडे तो अठ्ठाविसाव्या प्रतीचा ठिपका म्हणून उमटला. ९ डिसेंबर २०२३ रोजी, आपल्या कक्षेच्या दूरतम टोकाशी, तो वळला. त्या दिवशी तो कोठे होता हे ठाऊक होते. तो कोणाला दिसला नाही. २८ जुलै २०६१ रोजी तो सूर्याच्या सर्वांत जवळ असेल. त्या वेळी पृथ्वी त्याच्याच बाजूस असल्यामुळे तो १९८६ पेक्षा बराच उजळ दिसावा, अशी अपेक्षा आहे. तारखेच्या बाबतीत मात्र कोणी ‘अपेक्षा’ हा शब्द वापरत नाही.