कातड्यापासून मेंब्रेनपर्यंत

"मेंब्रेन गेलं," असं आरओ दुरुस्त करणारा म्हणाला, तेव्हा ते जुनं मेंब्रेन मी मागून घेतलं आणि कापून पाहिलं. मधोमध भोकं पाडलेली बारीक नळी, तिच्याभोवती कागदासारखे तलम पडदे, मध्ये प्लास्टिकची जाळी. सगळं सुरळीच्या वडीसारखं घट्ट गुंडाळलेलं. बाहेरच्या वेढ्यांवर तपकिरी राप बसला होता.

याचं मूळ कातड्यात आहे. सातारा-सांगलीच्या विहिरींवर मोटेचं कातडं पाणी धरून ठेवायचं. १७४८ साली फ्रान्समध्ये झाँ-आंत्वान नोले यांनी कातड्याचा दुसरा गुण पाहिला. मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडाला त्यांनी डुकराचं मूत्राशय ताणून बांधलं आणि ते पाण्यात बुडवलं. कातडं टम्म फुगलं. पाणी आत शिरलं होतं. तासगावचा बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, तोही याच न्यायाने. शाळेत याला परासरण म्हणतात.

दाब देऊन पाणी उलट दिशेने काढता येईल (आरओ म्हणजे हेच उलट परासरण), हे कळलं तरी पडद्यातून ते थेंबथेंबच यायचं. ही अडचण लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात १९६०च्या सुमारास सुटली. सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज अॅसिटेटचा असा पडदा केला, की दुधावर साय धरावी तसा वर अगदी पातळ, घट्ट थर आणि खाली सच्छिद्र जाडी. अडवायचं काम सायीचं, आधार खालच्या थराचा. १९६५ला कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाला या तंत्राचं पाणी मिळालं. पुढे जॉन कॅडॉट यांनी ती साय पॉलिअमाइडची केली. आज घरगुती आरओत तीच असते.

विरघळलेलं शिसं, निकेल, कॅडमियम कापडाने गाळून निघत नाही. ते पाण्याचे रेणू अंगाभोवती घेऊन फिरतं, त्यामुळे सायीपाशी बहुतेक सगळं अडतं. निकेल प्लेटिंगनंतर धुतलेलं हिरवट पाणी मेंब्रेनवर घेतलं, तर पाणी पुन्हा धुण्याला आणि दाट झालेलं निकेल पुन्हा टाकीत वापरता येतं. मला या तंत्राचं सर्वात मोठं मोल इथे वाटतं, कारण विष नदीकडे जाण्याआधीच थांबतं.

स्वयंपाकघरात तसं होत नाही. अडलेला धातू नाहीसा होत नाही, दाट होऊन दुसऱ्या नळीने बाहेर पडतो आणि मोरीतून नदीकडे जातो. कृष्णा माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना, हरिपूरला वारणा पोटात घेते. त्यात ही नळीही आलीच. नवं मेंब्रेन बसवून झाल्यावर मी तिचं टोक मोरीतून काढून बादलीत सोडलं. बादली भरली आहे. ती कुठे रिकामी करायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.