अवताराच्या देहाचा शून्यबिंदू

आभासी जगात प्रथमच प्रवेश करणाऱ्यासमोर पडद्यावर एक देह उभा राहतो. तो उंच नसतो, ठेंगणाही नसतो. स्थूल नसतो, कृशही नसतो. शेजारी सरकत्या पट्ट्यांची रांग असते : उंची, खांद्यांची रुंदी, पोटाचा घेर, पायांची लांबी. पट्टी सरकवली की देह बदलतो. २००३ साली अमेरिकेतील लिंडन लॅबने खुल्या केलेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात लाखो लोकांनी अशा पट्ट्यांवर आपापले देह घडवले. पण पट्टीला हात लागण्यापूर्वी जो देह उभा असतो, तो कोणाचा? या प्रश्नाचा माग काढू लागले की वाट अनपेक्षितपणे शंभर वर्षांपूर्वीच्या कलकत्त्याला जाऊन पोहोचते.

‘अवतार’ हा शब्द आपलाच. खाली उतरणे हा त्याचा मूळ अर्थ. १९८०च्या दशकात अमेरिकी संगणक-खेळांनी तो उचलला आणि पडद्यावरच्या प्रतिरूपाला चिकटवला. शब्दाचा हा प्रवास बहुश्रुत आहे. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की आजच्या अवतारामागील गणिताचा एक महत्त्वाचा धागाही भारतातच कातला गेला.

आधी पट्टीचे काम पाहू. संगणकातील देह म्हणजे हजारो बिंदूंचे जाळे. कलाकार त्याच जाळ्याची दोन रूपे घडवतो, उदाहरणार्थ एक सडपातळ आणि एक स्थूल. पट्टी सरकते तसा प्रत्येक बिंदू पहिल्या रूपातील जागेकडून दुसऱ्या रूपातील जागेकडे सरळ रेषेत जातो. अनेक पट्ट्यांचा परिणाम म्हणजे या सरकण्यांची बेरीज. रीत सोपी आणि जलद आहे. पण तिच्यात एक उणीव आहे. पट्ट्या परस्परांना ओळखत नाहीत. प्रत्यक्ष शरीरात उंचीबरोबर पायांची लांबी वाढते, वजनाबरोबर कमरेचा घेर वाढतो. स्वतंत्र पट्ट्यांवर मात्र कोणत्याही माणसाचा असू शकणार नाही असा देहही सहज तयार होतो. मग एखादा देह ‘संभाव्य’ आहे की नाही, हे संगणकाने ओळखावे कसे?

या प्रश्नाचे पूर्वरूप प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यापुढे आले होते. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. केंब्रिजचे शिक्षण संपवून १९१५ साली मायदेशी परतताना ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाचे अंक त्यांनी सोबत आणले आणि संख्याशास्त्राची गोडी लागली. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवू लागले. १९२० साली नागपूरला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनात त्यांची भेट भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक नेल्सन अॅनन्डेल यांच्याशी झाली. कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन समाजाची शारीरिक मापे अॅनन्डेल यांच्याकडे होती. त्यांचे विश्लेषण महालनोबिस यांनी हाती घेतले आणि १९२२ साली त्यावरील पहिला निबंध प्रसिद्ध झाला.

त्या काळी भारतात माणसाचे शरीर मोजणे हे निरुपद्रवी काम नव्हते. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने नाकाच्या रुंदी-लांबीच्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड मांडली होती. एका अवयवाचे एक माप आणि त्यावर माणसाची पायरी, असा तो खाक्या होता. रिस्लेच्या आकडेवारीतील चुका व विसंगती तपासून ती दुरुस्त करणारा निबंध महालनोबिस यांनी १९३३ साली ‘संख्या’ या नियतकालिकात लिहिला. त्यांचे स्वतःचे कामही जाती-जमातींमधील अंतरांविषयीच होते, हे विसरता येत नाही. पण ते अंतर मोजावे कसे, हा प्रश्न त्यांनी मुळापासून विचारला, आणि १९३६ साली आज ‘महालनोबिस अंतर’ म्हणून जगभर ओळखले जाणारे सूत्र सर्वसाधारण रूपात मांडले.

सूत्रामागील विचार असा. एखादा माणूस सरासरीपेक्षा बराच उंच आहे आणि त्याचे वजनही सरासरीपेक्षा बरेच अधिक आहे. दोन्ही मापे वेगवेगळी धरली तर तो सरासरीपासून दोनदा दूर गेल्यासारखा भासतो. पण उंची आणि वजन बहुधा हातात हात घालून वाढतात. म्हणून तो तितका दुर्मीळ नाही. उलट तितकाच उंच पण सरासरीपेक्षा पुष्कळ हलका माणूस खऱ्या अर्थाने अधिक दूर आहे. महालनोबिस अंतरात प्रत्येक मापाचा विखार, म्हणजे ते लोकांमध्ये किती पसरले आहे, आणि मापांमधील परस्परसंबंध, दोन्ही हिशेबात घेतले जातात. त्यातून एक परिणाम अटळपणे निघतो : अंतर केवळ व्यक्तीवर ठरत नाही, ते कोणत्या समूहाची सरासरी आणि कोणत्या समूहाचा विखार धरला, यावर ठरते.

सरासरी स्वतः किती फसवी असते, हे अमेरिकी वायुदलाला १९५०च्या सुमारास कळले. गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांच्या मापांतील दहा मापे निवडली आणि त्या दहाही बाबतीत सरासरीच्या आसपास असणारे किती, हे मोजले. उत्तर आले शून्य. सरासरी देह गणिताने काढता येतो. तो अंगावर वागवणारा माणूस मात्र सापडत नाही.

तरीही संगणकाला आरंभासाठी सरासरी लागतेच. १९९०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘सीझर’ या सर्वेक्षणात अमेरिका, कॅनडा, नेदरलँड्स आणि इटली येथील सुमारे ४,४०० नागरिकांची शरीरे त्रिमितीत स्कॅन करण्यात आली. २०१५ साली जर्मनीतील ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतील गटाने मुख्यतः या स्कॅनांवरून ‘एसएमपीएल’ हे देहप्रारूप घडवले. त्यात ६,८९० बिंदू आहेत, आणि देहाची ठेवण बहुधा दहाच अंकांत सांगितली जाते. हे अंक म्हणजेही पट्ट्याच. पण कलाकाराने कल्पिलेल्या नव्हेत, तर हजारो देहांतून गणिताने वेचलेल्या. ढोबळमानाने पहिली पट्टी आकारमानाची, दुसरी स्थूलतेची. सगळ्या पट्ट्या शून्यावर ठेवल्या की उरतो तो त्या नमुन्याचा सरासरी देह.

पुढच्याच वर्षी या प्रारूपाच्या आधारे एका साध्या छायाचित्रावरून त्रिमितीय देह उभा करणारी पद्धत आली. छायाचित्रात खोली दिसत नाही. कपड्यांखालचा आकार दिसत नाही. जेथे चित्र मौन असते तेथे संगणक संभाव्य देहाकडे झुकतो, आणि सरासरीपासून दूर जाणाऱ्या देहाला दंड लावतो. तो दंड म्हणजे प्रत्येक अंकाचा वर्ग भागिले त्या अंकाचा विखार, आणि या सर्वांची बेरीज. संख्याशास्त्राचा विद्यार्थी ते सूत्र पाहताक्षणी ओळखेल : हा महालनोबिस अंतराचाच वर्ग आहे.

येथे इतिहासाचे वर्तुळ एका विचित्र ठिकाणी येऊन मिळते. कलकत्त्यात भारतीयांच्या मापांवर घडलेले सूत्र आज भारतीय देहाला अमेरिकी-युरोपीय सरासरीकडे ओढते. दोष सूत्राचा नाही. त्याने तर समूहाचे नाव आधी विचारावे, हेच शिकवले होते. दोष नमुन्याचा आहे. ट्युबिंगनच्या गटानेही २०२० साली आणखी सुमारे १०,००० अमेरिकी स्कॅन मिळवून नवे प्रारूप घडवले. नमुना वाढला, तसे अनोळखी देह अधिक नेमके बसू लागले.

भारतीय मापांचे काम अगदीच झालेले नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ साली देवकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतलेल्या ‘इंडियासाइझ’ प्रकल्पात सहा शहरांतील २५,००० लोकांची त्रिमितीय मापे घेण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्याचा हेतू तयार कपड्यांचे भारतीय आकार ठरवण्याचा. पण अशी मापे कपड्यांपुरती मर्यादित राहण्याचे कारण नाही. कृत्रिम पाय, वाहनातील आसन, शस्त्रक्रियेचे पूर्वनियोजन, आणि आभासी जगातील अवतार, सर्वांना हाच पाया लागतो.

मात्र तो पाया रचताना रिस्लेचे स्मरण ठेवावे लागेल. मोजणाऱ्याच्या हाती तेव्हा सत्ता होती. मोजल्या जाणाऱ्याला कोणी विचारले नव्हते. शरीराचे स्कॅन म्हणजे व्यक्तीची ओळख, आणि संमतीशिवाय ते घेणे वा दुसऱ्या कामासाठी वापरणे म्हणजे त्याच जुन्या रीतीची पुनरावृत्ती. आपली मापे कोणत्या कामासाठी जात आहेत हे माणसाला ठाऊक असेल आणि नकार देण्याची मुभाही असेल, तरच पट्ट्यांच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या अनामिक देहात भारतीय माणसाचा वाटा त्याच्या मर्जीने पडेल.