पोस्टकार्डावरचे स्थिरचित्र

मूळ चित्र तेच खरे, छापील प्रत म्हणजे चोथा आणि पोस्टकार्ड तर त्याहून हलके, असा पूर्वपक्ष कलाचर्चेत आता सिद्धान्ताच्या तोऱ्यात वावरतो. साक्षीला वॉल्टर बेन्यामिन यांचा 1936 चा निबंध असतोच. यांत्रिक प्रतींमुळे कलाकृतीभोवतीचे वलय ओसरते, असे ते म्हणाले खरे. पण त्यामुळे कला कर्मकांडातून सुटते, याचे त्यांनी स्वागतही केले होते. साक्षीदाराची निम्मी जबानी गाळायची, ही कुठली रीत?

धाराशिवकराला तर उरलेल्या जबानीचीही शंका यावी. तुळजाभवानीची छापील तसबीर जिल्ह्यात घरोघरी आहे. म्हणून कोजागिरीला देवीच्या दर्शनासाठी सोलापूरकडून पायी येणारी गर्दी काही आटलेली नाही. प्रती वाढल्या की मूळ झिजते आणि पूजाभावही सुटतो, हा नियम इथे लागू पडत नाही. ‘तिथे श्रद्धा आहे,’ असे कोणी म्हणेल. मान्य. मग श्रद्धेबाहेरचे उदाहरण घेऊ.

चित्रकार कृष्णाजी हौलाजी आरा (1914–1985). घरगडी म्हणून राबलेला, मोटारी धुतलेला माणूस. 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा संस्थापक सदस्य. वर्गातला सराव मानल्या जाणाऱ्या स्थिरचित्राला आधुनिक भारतीय चित्रकलेत मानाचे पान मिळाले, त्यात आरांचा वाटा मोठा. याच ग्रुपमधले सूझा लंडनला गेले, रझा पॅरिसला. आरा मुंबईतच राहिले. सेझान, मातीस या पिढीला आधी भेटले ते छापील पानांवर. रूडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर अशा युरोपातून आलेल्या मंडळींचा त्यात हात होता. ज्या मुळाच्या नावाने प्रतीला नाक मुरडायचे, ते मूळच प्रतींवर पोसलेले आहे!

छपाईत आकार आणि रंगाचा थर जातो, हे खरेच. पण सगळ्याच चित्रांचे नुकसान सारखे होत नाही. इतिहासचित्रातला भरला दरबार पोस्टकार्डावर मुंग्यांची रांग होतो. सुरई, दोन फळे आणि चुरगळलेले कापड तळहाताएवढ्या कागदावरही आपापली जागा धरून राहतात. शिवाय आरांचे बरेच काम कागदावर, जलरंगात आहे. जाड तैलरंगापेक्षा ते छपाईला कमी दगा देते.

भूम-परंड्याची मुलेही इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसतात आणि स्थिरचित्राचा पेपर देतात. वस्तू कागदाच्या कडेला कुठे तोडायची, सावलीला किती जागा द्यायची, मोकळी जागा किती सोडायची, हे पोस्टकार्ड नेमके दाखवते. आधी मुंबईचे संग्रहालय पाहा, मगच बोला, असे त्या मुलांना सांगणाऱ्याने एस.टी.चे भाडेही द्यावे.

पूर्वपक्षाचा एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. पोस्टकार्डाच्या पाठीवर मूळ चित्राची लांबी-रुंदी, माध्यम आणि संग्रहाचे नाव छापलेले नसेल, तर ते पाहणाऱ्याला फसवते. निव्वळ चित्रकाराचे नाव आणि किंमत छापून मोकळे होणाऱ्या प्रकाशकांना याबद्दल जरूर झोडपावे.