प्रकाशाचा थर : शेडर-तंत्राच्या इतिहासातील एक मराठी दुवा

संगणकनिर्मित प्रतिमेत वस्तूचा आकार तुलनेने लवकर साधला. अवघड ठरला तो पदार्थ. एकाच आकाराचा घडा मातीचा की तांब्याचा, हे त्याच्या पृष्ठभागावरून प्रकाश कसा परततो यावर ठरते. हे गणित करणाऱ्या आज्ञावलीस शेडर म्हणतात. बुई तुओंग फोंग यांनी १९७५ मध्ये चकाकीचे सुलभ सूत्र दिले. मात्र त्या सूत्राने रंगविलेली बहुतेक वस्तू प्लॅस्टिकची भासे. पुढे १९९३ मध्ये पॅट हॅनरहान व वोल्फगांग क्रूगर यांनी त्वचा, पान अशा पदार्थांत प्रकाश पृष्ठभागाखालील थरांत शिरून, विखुरून बाहेर पडतो, याचे प्रतिमान मांडले.

या वाटचालीस २००१ मध्ये अनपेक्षित वळण मिळाले. मूळचे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी रमेश रासकर यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील सहकाऱ्यांसह 'शेडर लॅम्प्स' ही पद्धत मांडली. डोळ्यास दिसते तो प्रकाश आणि पदार्थ यांचा गुणाकार होय. मग पदार्थाचा वाटा काढून प्रकाशाकडे सोपविला तर? वस्तू केवळ पांढरी, चकाकीविरहित ठेवावयाची आणि संगमरवर वा वीट यांचा भास प्रक्षेपकाने पाडावयाचा. ताजमहालाच्या प्रतिकृतीवर हा प्रयोग झाला. डिस्नेलँडच्या झपाटलेल्या वाड्यात १९६९ पासून पुतळ्यांवर बोलके चेहरे प्रक्षेपित होत असत, परंतु तेथे गणन नव्हते. पद्धतीच्या मर्यादाही उघड आहेत. काळी वस्तू प्रकाशाने पांढरी करता येत नाही. शिवाय खरी चकाकी पाहणाऱ्यागणिक सरकते, म्हणून त्याच्या स्थानाचा माग ठेवावा लागतो.

या कल्पनेचे खरे मोल हार्वर्डमध्ये दिसले. मार्क रॉथ्को यांची तेथील भित्तिचित्रे १९६४ मध्ये लावली गेली. लिथॉल रेड हे रंगद्रव्य उजेडाने विटले आणि १९७९ पर्यंत चित्रे भिंतीवरून उतरवावी लागली. त्यांवर वार्निश नसल्याने कुंचल्याने केलेली दुरुस्ती कायमची ठरली असती. नारायण खांडेकर आदी संवर्धनतज्ज्ञांसह रासकर यांच्या गटाने मूळ व विद्यमान रंगांतील फरक बिंदूगणिक काढून तेवढाच प्रकाश चित्रावर टाकला. २०१४ च्या प्रदर्शनात दररोज दुपारी चार वाजता प्रक्षेपक बंद होई आणि विटलेले चित्र पुन्हा समोर येई. संवर्धनाच्या नीतीच्या दृष्टीने हा प्रांजळपणा तंत्राइतकाच महत्त्वाचा मानावा लागेल.

अजिंठ्यासाठी हाच उपाय सुचविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु हार्वर्डकडे १९६४ ची रंगीत छायाचित्रे आणि उजेडापासून बचावलेले एक चित्र होते. अजिंठ्याच्या बाबतीत रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकी कित्येक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथे जळाल्या. उरलेल्या प्रती म्हणजे चित्रकाराच्या हातून गाळून आलेला रंग आहे, मोजलेला रंग नव्हे. शिवाय लेण्यांत नवा प्रकाश सोडणे हीच चित्रांच्या जपणुकीतील एक जोखीम आहे.