निरोपाची धून

लहानपणी बुलढाण्याला २६ जानेवारीची परेड बघायला आम्ही पोरं जायचो, ते खरं तर पोलीस बँडसाठी. भाषणं वगैरे गौण! त्यामुळेच असेल, पुण्यात कोड लिहिताना माझ्या हेडफोनवर अजूनही मिलिटरी बँड सुरू असतो. शेजारचे हसतात. असो.

त्यातली माझी सगळ्यात लाडकी धून रशियन आहे, 'स्लाव स्त्रीचा निरोप'. घोडदळाच्या एका पलटणीत ट्रंपेट वाजवणाऱ्या वासिली अगापकिनने १९१२ साली, बाल्कन युद्ध पेटलं तेव्हा, तांबोवला ती बांधली. घरच्या माणसाला लढाईवर धाडणाऱ्या बायकांसाठी. पुढे सैनिकांच्या गाड्या स्टेशनातून सुटताना हीच वाजायची. गंमत म्हणजे ठेका कूच करायचा, पण सूर मात्र रडवेले.

आपल्याकडे असं काही आहे का? आहे की, आणि चाल चक्क मराठी माणसाची! 'ऐ मेरे वतन के लोगो'. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांची. 'अलबेला'त भगवानदादांना नाचवणारे तेच हे. चीन युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लताबाईंनी ते गायलं. नेहरूंच्या डोळ्यात पाणी आलं, हे सगळ्यांना पाठ. चाल कुणाची विचारलं की बहुतेक जण गप्प.

दिल्लीत बीटिंग रिट्रीटच्या शेवटाकडे गांधीजींच्या आवडीचं 'अबाइड विथ मी' हे इंग्रजी भजन वाजायचं. २०२२ साली ते वगळलं आणि 'ऐ मेरे वतन' आलं. बराच वाद झाला. मला विचाराल तर दोन्ही ठेवायला काय हरकत होती? दुःखाला कसली आलीये भाषा! तो सोहळा २९ जानेवारीला झाला आणि ६ फेब्रुवारीला लताबाई गेल्या.

पण मला ही धून म्हटलं की २०१९ आठवतं. १४ फेब्रुवारीला पुलवामात आमच्या जिल्ह्यातले दोन जवान गेले, एक मलकापूरचे, दुसरे लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे. मी तेव्हा घरीच होतो. लॅपटॉपवर हीच धून लावली होती, नुसती बँडवरची, शब्दांशिवाय. आई पोळ्या टाकून बाहेर आली, दारात उभी राहिली. मला वाटलं बंद कर म्हणेल.

"राहू दे," म्हणाली, "आवाज कमी कर फक्त."